मोठ्या हाडाचं पिल्लू

ज्यांच्या घरी मोठ्या जातीचं कुत्रं आहे आणि आठ-दहा दिवसांपासून ते एक पाय जपून टाकतं आहे, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. मी काही लिहिणारी बाई नाही. अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला माझं सरकी-ढेपेचं दुकान आहे. म्हशी-बैलांचं खाद्य विकते. घराच्या ओसरीवर दोन पोती मांडून सुरुवात केली होती, आता मागे गोदाम आहे. हे मी कोणाच्या आधाराने केलं नाही, तोंडाच्या आणि नजरेच्या जोरावर केलं. माझ्याशी भावात घासाघीस करून कोणी जिंकत नाही, असं बाजारात म्हणतात. राग लवकर येतो असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

गोदामाच्या राखणीला म्हणून सुलतानला आणलं. ग्रेट डेन जातीचा. राखण त्याने कधी केली नाही. गिऱ्हाईक आलं की उठून त्याच्या खांद्याला नाक लावायचा, आणि नवा माणूस असला की घाबरून जागच्या जागी थिजायचा. मी फोनवर कोणावर ओरडत असले की घरातले सगळे आपापल्या कामाला निघून जात. हा मात्र उठून माझ्याकडे यायचा आणि टेबलावरच्या पावतीबुकावर डोकं ठेवून द्यायचा. एवढं जड डोकं. मग लिहिणं बंद, ओरडणंही बंद. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले, ते म्हणायचे, जे मला तीस वर्षांत जमलं नाही ते या जनावराला जमलं.

आमच्या अंगणात अजून एक कुत्री आहे. चिंगी. ती मास्तरांची. शाळेच्या नळाखाली सापडलेली, मांजरापेक्षा थोडी मोठी, एक कान फाटलेला. सुलतान आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. आज चौदा संपली. हे आताच सांगून ठेवते, कारण माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिथे आहे.

पाय मुरगळला असेल

सुलतान सहा वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात त्याने पुढचा डावा पाय उचलून धरायला सुरुवात केली. सकाळी उठताना लंगडायचा, चार पावलं गेला की ठीक. मी म्हटलं, पोत्यांच्या थप्पीवरून उडी मारली असेल. विटकर तापवून शेकलं. हळद-तेल लावलं. एक म्हातारा जनावरांची हाडं बसवून देतो, त्याला बोलावलं. त्याने पाय दोनदा ओढला. सुलतान ओरडला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरले नाही.

यात माझा महिना गेला. जवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी एक्स-रेचा फोटो काढायला सांगितलं होतं. मीच म्हटलं, आधी गोळ्या द्या, मग पाहू. ज्या दुकानात दोन वस्तू दाखवतात तिथे मी एकच घेते, ही माझी सवय. तुम्ही असं करू नका. मोठं कुत्रं आणि मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी सूज असेल तर त्याच दिवशी फोटो काढा.

आमच्या दुकानात पोती मोजायचा सपाट काटा आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला सुलतान त्यावर उभा राहायचा. त्याला ते आवडायचं, काट्याकडे बोट केलं की आपण होऊन चढायचा. बासष्ट किलो. आमचं पोतं पन्नास किलोचं, म्हणून हमाल त्याला 'सव्वा पोतं' म्हणायचे. त्या महिन्यात काटा सत्तावन्नवर थांबला. मी काटा झटकला, पुन्हा चढवलं. काटा बरोबर होता.

अकोल्याला

अकोल्याला जनावरांचा मोठा दवाखाना आहे. मालाच्या छोट्या गाडीत गादी टाकून नेलं. मास्तर मागे त्याच्यासोबत बसले, मी पुढे. फोटो काढला, तोही पायाचा आणि छातीचा असा दोनदा. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी फोटो उजेडावर धरला. मला हाडातलं काही कळत नाही असं मी म्हणणार नाही, मी बैलबाजारात वाढले आहे. ते हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं दिसत होतं.

त्यांनी सांगितलं, हाडाचा कॅन्सर आहे. मोठ्या जातीत जास्त दिसतो. छातीतही ठिपके आहेत. पाय काढता येईल, पण छातीत गेल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. दुखणं कमी करता येईल. हाड आतून पोकळ होत चाललंय, एखाद्या दिवशी नुसतं उठतानाही मोडू शकतं. तसं होण्याआधी तुम्ही ठरवावं.

काय ठरवायचं ते मला कळलं, पण मी कळल्याचं दाखवलं नाही. मी विचारलं, किती दिवस?

"दोन महिने. कदाचित तीन."

"सहा करा."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मास्तरांना माहीत होतं की नाही करत. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

मग मी भांडले. म्हटलं, सहा वर्षांचं जनावर आहे, म्हातारं नाही. त्या म्हणाल्या, या जातीत सहा म्हणजे उतरतं वयच. ही कुत्री सात-आठ वर्षं जगतात, कोणी नऊ, दहा म्हणजे नशीब. लहान कुत्री चौदा-पंधरा-सोळाही जगतात. ही भराभर वाढतात आणि भराभर म्हातारी होतात. नेमकं का, हे अजून पुरतं कोणालाच उलगडलेलं नाही.

"असं कसं बाप्पा? हत्ती जगते अन् उंदीर मरते. बैल जगते, बकरी आधी जाते. मंग कुत्र्यातच उलटं काहून?"

"खरंय काकू," त्या म्हणाल्या. "वेगवेगळ्या प्राण्यांत मोठा जास्त जगतो. एकट्या कुत्र्यांत मात्र उलटं आहे."

मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी एवढंच घोकत होते. मला कोणी सांगितलं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या रागाला माणूस मिळाला होता: ज्याने मला हे पिल्लू विकलं तो.

रांगेतली माणसं

दर आठवड्याला अकोला. सुई, तपासणी, गोळ्या. सकाळी लवकर निघायचं, चिठ्ठी घ्यायची, व्हरांड्यात बसायचं. एका बाजूला बकऱ्या, एका बाजूला कोंबड्यांची टोपली, मधे कोणाची तरी कालवड. सुलतान आडवा झाला की अर्धा व्हरांडा जायचा. लोक कुरकुरायचे, मी त्यांना उत्तर द्यायची. एकदा अंजनगाव सुर्जीकडची एक म्हातारी तिची पाटी घेऊन शेजारी बसली. पाटी म्हणजे लहान बकरी. तिने माझं ओरडणं सगळं ऐकून घेतलं, मग फडक्यातली भाकर काढली, अर्धी मोडून सुलतानपुढे धरली. त्याने तीन दिवस काही खाल्लं नव्हतं. तिच्या हातून खाल्ली.

"केवढं लेकरू हाय माय तुयं," ती म्हणाली. "अन् तू त्याच्या डोक्याशी बोंबलून राहिली. त्याले वाटत असन त्यालेच रागावते."

बाहेरच्या बाईने मला गप्प बसवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

दुसरे शब्बीरभाई, ते रांगेतले नव्हेत, दुकानाच्या ओळखीतले. आमची फाटलेली पोती शिवून देतात. सुलतानला उठताना त्रास व्हायला लागला तेव्हा मी त्यांना म्हटलं, छातीखालून घालून दोघांना उचलता येईल अशी झोळी शिवा. ते टेप घेऊन आले आणि शेरवानीचं माप घ्यावं तसं माप घेतलं. "सीधे खडे रहो पैलवान, कंधा बडा है तुम्हारा." पैलवान तीन पायांवर सीधा खडा राहिला. झोळीला त्यांनी आतून जुन्या गोधडीचं अस्तर लावलं, काखेत घासू नये म्हणून. ते मी सांगितलं नव्हतं.

चिंगी

हे लिहावं की नाही, यावर चार दिवस गेले. पण ज्यांच्या घरी आजारी जनावर आहे त्यांना असले विचार येतात, आणि आपल्यालाच येतात असं वाटून माणूस आतून कुजतो. म्हणून लिहिते.

मी चिंगीचा राग करायला लागले. चौदा वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू, आयुष्यात एक सुई न टोचलेली, उकिरड्यावरचं खाऊन वाढलेली. ती सकाळी तुरुतुरु चालत यायची, सुलतानच्या पोटाशी गोल होऊन झोपायची. मी खिडकीतून पाहायची आणि मनात म्हणायची, ही काहून? तिला देव विसरला आणि याला आठवला. तिचं दूध मी सुलतानच्या भांड्यात ओतायला लागले. तो प्यायचा नाही, ते नासायचं. एके दिवशी ती दारात आडवी आली, मी तिला पायाने बाजूला सारलं. लागेल एवढ्या जोराने सारलं. ती चूं म्हणाली आणि पायरीवरून खाली गेली.

मास्तर तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी चिंगीला उचललं, आतल्या खोलीत नेलं, आणि त्या दिवसापासून तिच्यासोबत आतच जेवायला लागले. पंधरा दिवस आमच्यात 'चहा', 'गोळी दिली' आणि 'गाडी काढा' एवढंच बोलणं होतं. आजार एकाला होतो, पण घर सगळं लंगडतं.

अकोटच्या रस्त्यावर

तिसऱ्या की चौथ्या फेरीला, दवाखान्यातून निघाल्यावर मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी अकोटच्या रस्त्याला घे. मास्तर मागून म्हणाले, राहू दे कमल. मी ऐकलं नाही.

पिल्लं विकणाऱ्याचं नाव इथे नंदू लिहिते. गावाबाहेर शेतात त्याचं घर, मागे जाळीचे खण. सहा वर्षांपूर्वी तिथूनच मी सुलतान घेतला होता. तेव्हा आठ पिल्लं होती. मी बैल पाहतात तशी पाहिली. माझे वडील बैलबाजारात दलाल होते. तोंड उघडून दात, मग छाती, मग खूर, आणि शेवटी नळी, म्हणजे पुढच्या पायाचं हाड मुठीत धरून. ते म्हणायचे, जनावर हाड पाहून घ्यावं, मांस काय, ढेपेनंही चढते. त्या आठांत ज्याची नळी माझ्या मुठीत मावली नाही ते पिल्लू मी उचललं. मोठं हाड, टिकाऊ माल. बैलात हे खरं आहे. मी या नियमावर आयुष्यभर चालले आहे.

नंदू बाहेर आला तेव्हा मी गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली होती. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फसवलं, रोगी माल दिला, आयुष्य कमी असतं हे लपवलं, तुझ्या दारात कोणी येणार नाही अशी व्यवस्था करते. तो गाडीच्या मागे गेला, फळी खाली पाडली, सुलतानच्या डोक्यावर हात ठेवला. सुलतानने त्याचा हात हुंगला. नंदूने सूज पाहिली आणि मान खाली घातली. म्हणाला, याची आई सातव्या वर्षी गेली. तिचं हृदय थकलं होतं.

मी पुन्हा सुरू केलं. तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी सांगतलं होतं."

"काय सांगतलं होतं?"

"याच खाटेवर बसल्या होत्या तुमी. मी म्हनलं, मोठ्या जातीचं हाय, लई वर्षं धरू नका, सात-आठ धरा. तुमी म्हनल्या, मंग माल अर्ध्या आयुष्याचा हाय, भाव पूर्ण कावून? त्याच गोष्टीवर तुमी भाव पाडला. मी देऊन टाकलं."

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं ते म्हणतील, खोटं आहे. ते गाडीच्या फळीवर बसले होते, सुलतानचं शेपूट मांडीवर घेऊन.

"हाव," ते म्हणाले. "सांगतलं होतं त्यानं."

मला ते आठवत नव्हतं. आजही नीट आठवत नाही. भाव पडला तो क्षण आठवतो, नंदूने नमून मान हलवली ते आठवतं, गाडीत बसताना मी किती खूश होते ते आठवतं. बाजारात समोरचा आपल्या मालाची खोट सांगतो तेव्हा आपण ती ऐकत नाही, वापरतो. वापरून झाली की टाकून देतो. मी एका जिवाचं आयुष्य असं वापरलं, आणि मग सहा वर्षांनी मला कोणी सांगितलं नाही म्हणत हिंडले.

नंदूच्या बायकोने पाणी आणलं. मी प्यायले आणि गाडीत बसले. माफी मागितली नाही. तेवढं अजून जमत नाही. इथे मागते.

मूर्तिजापूरला चहा

परतताना गाडी थांबवली. ड्रायव्हर टायर पाहायला उतरला. मी मास्तरांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर सहा वर्षांत एकदा तरी का नाही बोललात?

त्यांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, पहिल्या वर्षी वाटलं, तुला आठवत असेल. नंतर कळलं की नाही आठवत. "तू त्याच्याशी बोलायची. कोणाशी नाई बोलत तशी. मले वाटलं, राहू दे. एकानं मोजलं तरी पुरे."

मग मला बऱ्याच गोष्टी समजल्या. सुलतान चार वर्षांचा झाल्यावर मास्तरांनी त्याला आमच्या खोलीत झोपू दिलं होतं, मी नको म्हणत असताना. पाचव्या वर्षी रोज दुपारी ते त्याला नाल्यावर पोहायला न्यायला लागले, स्वतःचे गुडघे दुखत असतानाही. मी म्हणायची, म्हातारपणी खूळ लागलं. ते दिवस मोजत होते आणि मला बेरीज सांगत नव्हते.

घरी आल्यावर मी चिंगीच्या वाटीत दूध ओतलं. ती आली नाही. मास्तरांनी हाक मारल्यावर आली, आणि माझ्या पायापासून हातभर लांबून वळसा घालून गेली. ते मला मान्य आहे.

ठरवणं

औषधाने काही दिवस चांगले जातात. हे सांगणं गरजेचं आहे, कारण त्या दिवसांत माणूस फसतो. सुलतान उन्हात लोळायचा, गिऱ्हाइकाला नाक लावायचा, आणि मी म्हणायची, पाहा, डॉक्टर चुकले. डॉक्टरीणबाईंना दर आठवड्याला म्हणायची, अजून एक आठवडा. त्या म्हणायच्या, काकू, मी वेळ देत नाहीये, तो सहन करतोय. हे त्यांनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं.

त्याचं कारण असं झालं. महिन्याची पहिली तारीख होती. मी दुकान उघडत होते. सुलतान गोदामात पोत्यांवर पडलेला होता. त्याने काट्याकडे पाहिलं आणि उठला. मी बोट केलं नव्हतं, काही म्हटलंही नव्हतं. तीन पायांवर काट्यापर्यंत आला, पुढचा चांगला पाय वर ठेवला, आणि बाकीचं अंग वर घेता येईना. तसाच थांबला. थरथरत होता आणि माझ्याकडे पाहत होता, की आता काय करू. कामात कसूर झाल्यासारखा. मी त्याला खाली घेतलं. त्याला चढवून घेणारी मीच होते, सहा वर्षं, मला मोठा आकडा पाहायचा असायचा म्हणून.

मी मास्तरांना म्हटलं, फोन करा. त्यांनी विचारलं, कधीचं सांगू? मी म्हटलं, आज.

अमरावतीचेच एक डॉक्टर दुपारी गोदामात आले. ऐन हंगाम होता, शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाइकं बाहेर उभी राहिली. मी तूप लावून पोळी केली होती, त्याने दोन घास खाल्ले, उरलेली चिंगीने खाल्ली. मी तिला खाऊ दिली. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला बाहेर थांबायचं असेल तर थांबा. मी बाहेर गेले नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पहिल्या सुईने तो झोपला आणि जड झाला, पावतीबुकावर व्हायचा तसा. दुसरी सुई देण्याआधी डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

वाचणाऱ्यांपैकी कोणावर ही वेळ आली तर बाहेर थांबू नका. एवढंच सांगते. शेवटी त्याच्या नाकाला आपला वास असला पाहिजे.

गोदामाच्या मागे खड्डा खणला. हमाल दोनदा वर आले आणि दोनदा पुन्हा खाली उतरले, पुरत नव्हता. शब्बीरभाईंची झोळी घालूनच त्याला उतरवलं.

त्या संध्याकाळी मास्तर अंगणात खाटेवर बसले होते, चिंगी त्यांच्या पायाशी. मी बाजूला पायरीवर जाऊन बसले. त्यांनी विचारलं, नंदूचं बोलणं तेव्हा नीट ऐकलं असतं, सातच वर्षं आहेत हे डोक्यात गेलं असतं, तर नसता ना आणला?

मी खरंच विचार केला. ती खाट, ती आठ पिल्लं, मुठीत न मावणारी ती नळी, आणि त्या पिल्लाने माझ्या बांगडीला लावलेले ते बारीक दात.

"भाव अजून पाडला असता," मी म्हटलं. "पण आणला असताच."

मास्तरांनी मान हलवली आणि सरकून मला खाटेवर जागा दिली.